वकिलाचं बिऱ्हाड

१९४८ च्या जानेवारीत कन्हैयालाल मुन्शी भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत दाखल झाले, आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न ‘राहायचं कुठे’ हा होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला होता. दोघांनी एकमेकांच्या राजधानीत एकेक प्रतिनिधी ठेवावा, असं त्यात ठरलेलं. निजामाच्या वतीने झैन यार जंग दिल्लीत बसले. मुन्शींसाठी मात्र हैदराबाद सरकारकडे जागा निघेना. ब्रिटिश रेसिडेंटच्या वापरातल्या वास्तूंपैकी एखादी तात्पुरती द्या, दुसरी सोय झाली की रिकामी करू, ही विनंतीसुद्धा पंतप्रधान लायक अलींच्या सरकारने मानली नाही. मुन्शी हे व्यापारापुरते प्रतिनिधी आहेत, असा त्या सरकारचा पवित्रा होता. मोठं घर दिलं की मोठा दर्जा दिल्यासारखं झालं असतं. शेवटी मुन्शींनी बोलारमला, भारतीय लष्कराच्या इमारतींत बिऱ्हाड मांडलं.

बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई ही सगळी तेव्हा निजामाच्या राज्यातली गावं. पश्चिमेला नगर जिल्हा लागला की भारत सुरू होई, आणि त्या सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. अंबाजोगाईच्या माणसाला भारत सरकारकडे रीतसर गाऱ्हाणं न्यायचं असतं, तर त्याच्या राजधानीत त्यासाठीचा पत्ता बोलारमचा होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, आणि तो पत्ताही इतिहासजमा झाला.

परदेशी वकिलातींतली माणसं आणि त्यांची कुटुंबं नव्या मुलखात कशी स्थिरावतात, या विषयाच्या प्रकरणात बीडचं नाव पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. बीडमध्ये कुठल्या देशाची वकिलात नाही, कधी नव्हतीही. पण दोन दरबारांच्या मधोमध पडलेला हा मुलूख आहे. पुणे आणि हैदराबाद यांच्यात सारं अठरावं शतक जी वकिली चालली, ती बऱ्याच अंशी इथल्या पिकावरून चालली. वकील कुठे राहतो, काय खातो, कुणाला भेटतो, त्याच्या घरात कामाला कोण आहे, या गोष्टींचा राज्यकारभाराशी काय संबंध, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

घरापासून सुरुवात करू. मुन्शींना जी वास्तू मिळाली नाही, तिच्या पूर्वजाची गोष्ट मोठी मजेची आहे. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक १७९८ ते १८०५ हैदराबादचा रेसिडेंट होता. आजच्या कोठी भागात त्याला भलीमोठी रेसिडेन्सी बांधायची होती, आणि त्यासाठी तेव्हाच्या निजामाकडून, निजाम अलीकडून, जमीन हवी होती. त्याने जागेची मोजणी करून मोठ्या कागदावर तपशीलवार नकाशा काढला आणि दरबारात सादर केला. निजामाने साफ नकार दिला. कर्कपॅट्रिक चक्रावला. मग दरबारातल्या एकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हुजुरांनी स्वतःच्या अख्ख्या राज्याचा नकाशा याच आकाराचा पाहिलेला आहे. त्यांना वाटलं, तुम्ही राज्यच मागताय. कर्कपॅट्रिकने तोच नकाशा पत्त्याएवढ्या कागदावर काढून नेला आणि जमीन मिळाली. हा किस्सा दोनशे वर्षं सांगितला जातोय. वर्षानुवर्षं सांगितल्या गेलेल्या गोष्टीला थोडी पॉलिश चढतेच, ती वजा करूनही त्यातलं दरबारी शहाणपण खरं वाटतं. पुढे त्या वास्तूत मुलींचं कॉलेज आलं.

आज एखाद्या देशाने दुसऱ्याच्या वकिलाला असं ताटकळत ठेवायचं म्हटलं, तर आंतरराष्ट्रीय कायदा आडवा येतो. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं एकविसावं कलम सांगतं की यजमान देशाने परदेशी दूतावासाला जागा घ्यायला वाट करून द्यावी किंवा जागा मिळवायला मदत करावी, आणि गरज पडली तर कर्मचाऱ्यांच्या निवासासाठीही हातभार लावावा. भारताने हा करार स्वीकारला आणि १९७२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तरी कलमातला ‘मदत’ हा शब्द लवचीक आहे. वन रूम किचन दाखवणं हीसुद्धा मदतच.

महाराष्ट्रात परदेशी वकिलाती मुंबईत आहेत, आणि तिथला घरमालक या भाडेकरूवर खूश असतो. याचं कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. या कायद्याचं संरक्षण ज्यांना लागू नाही, त्यांच्या यादीत बँका आणि मोठ्या कंपन्यांबरोबर परदेशी वकिलातीही आहेत. म्हणजे जुन्या चाळीतला भाडेकरू ज्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या तुटपुंज्या भाड्यात राहिला, तो जोर वकिलातीला नाही. मुदत संपली की जागा सोडायची. नव्याने येणाऱ्या कुटुंबाला यातून एक गोष्ट कळायला हवी. करारात जे लिहिलंय तेवढंच आपलं. अचानक बदली झाली तर भाडेकरार मध्येच मोडता येईल, असं कलम त्यात घालून घ्यावं. जगभरच्या घरमालकांना ते ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ या नावाने ठाऊक आहे. पाण्याची चौकशी मात्र करारात लिहून भागत नाही. घर पाहायला मे महिन्यात जावं आणि सकाळी जावं.

घर शहरात असावं की शहराबाहेर, हा वाद जुना आहे. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला, आणि त्याची वसाहत शहराबाहेर, मुळा-मुठेच्या संगमावर उभी राहिली. दरबारला जायचं तर मुठा ओलांडायची. यात दोघांची सोय होती, असं माझं मत. पेशव्यांच्या पेठांमधून गोऱ्यांचं स्वयंपाकघर दूर राहिलं. आणि मॅलेटला बागबगीचा, मोकळी हवा आणि कुणाच्या डोळ्यांवर न येता माणसांना भेटायला जागा मिळाली. मॅलेट तिथे अकरा वर्षं राहिला. चित्रकार जेम्स वेल्स त्याच्याच आश्रयाने पुण्यात आला, शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडे सुरू झाले, आणि गंगाराम तांबट या पुणेकर कारागिराने वेरूळची लेणी कागदावर उतरवली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. घर मोकळं असलं की त्यात काय काय रुजतं, याचा हा पुरावा. मात्र शहराबाहेरचं घर भांडण झालं की एकटं पडतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन खडकीच्या आपल्या फौजेकडे निघून गेला, त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली, आणि त्याची पुस्तकं व कागदपत्रं तिच्याबरोबर गेली. सुरक्षा अधिकारी आजही वकिलातीची जागा निवडताना याच प्रश्नावर घोटाळतात. मुंबईची अमेरिकन वकिलात समुद्रकाठच्या लिंकन हाऊसमधून २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. तिथून समुद्र दिसत नाही, पण भिंत आणि रस्ता यांच्यात अंतर आहे.

आता आपल्या बाजूच्या वकिलांकडे येऊ. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर दहावा. बीडसारख्या परगण्यात याचा अर्थ असा की एकाच खळ्यावर निजामाचा अमील उभा आणि पेशव्यांचा कमाविसदारही उभा. याला दुअमली म्हणत. शेतकऱ्याला दोन मालक, आणि दोन मालकांना एकमेकांचा संशय. थकबाकी साचत जाई, मग ती मागायला हैदराबादेत पेशव्यांचा वकील लागे. तिथल्या दरबारात झडणाऱ्या फारसी वाक्यांच्या तळाशी गोदाकाठची ज्वारी होती.

वसुलीचं भांडण वकिलांकडून मिटलं नाही की फौजा निघत. १० ऑगस्ट १७६३ ला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला तेच झालं. आज शनीच्या देवळासाठी लोक ज्या गावी जातात, तेच हे गाव. निजाम अली गोदावरी उतरून पलीकडे गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर फौजेचा मोठा भाग घेऊन दक्षिण तीरावर राहिला होता, आणि नदीला पूर होता. माधवराव पेशव्यांनी त्याला गाठलं. विठ्ठल सुंदर पडला, आणि पैलतीरावरून निजामाला काही करता आलं नाही. पुढचा तह औरंगाबादेत झाला. मग पुन्हा वकिलांची पाळी.

या वकिलांत गोविंदराव काळे यांचं नाव मोठं. नाना फडणिसांच्या काळात ते हैदराबादेत पेशव्यांचे वकील होते. त्यांच्या जोडीला गोविंदराव पिंगळे. अशा वकिलाचं बिऱ्हाड म्हणजे छोटं सरकारच. फारसी कागद वाचायला-लिहायला पारसनीस, मोडी लिहायला कारकून, पत्रं पोचवायला जासूद, आणि तेही जोडीने, म्हणजे एक आजारी पडला, फितला किंवा मारला गेला तरी दुसरा पोचेल. मग आचारी, पाणक्या, पालखीचे भोई, घोड्यांचे मोतद्दार, असा सारा शागिर्दपेशा. परक्या गावात सोवळ्यातला स्वयंपाक आणि ठरावीक विहिरीचं पाणी यांची घडी बसेपर्यंत वकिलाचं चित्त थाऱ्यावर राहत नसणार. सणाला नजराणे द्यायचे, पोशाख घ्यायचे, कुणाचा पोशाख कुणापेक्षा भारी होता ते पुण्याला कळवायचं. दरबारी माणसांना गुपचूप पोचवायच्या रकमेला ‘अंतस्थ’ म्हणत. ती हिशेबात धरलेली असे, आणि या बाबतीत पेशवाईचे हिशेबनीस पुष्कळ आधुनिक खात्यांपेक्षा प्रामाणिक होते, असं म्हणावंसं वाटतं. आजच्या भारतीय अधिकाऱ्याला परदेशात भेट मिळाली आणि ती ठरावीक किमतीच्या वर असली, तर ती परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात जमा करावी लागते. पेशव्यांच्या वकिलाला मिळालेल्या पोशाखाची बातमी जासुदाच्या पायांनी पुण्याला पोचायची.

नव्या ठिकाणी जाणाऱ्या कुणालाही या यादीतून आजही शिकता येईल. पहिल्या महिन्यात तीन माणसं पारखून घ्यावीत: भाषा सांगणारा, पाण्याची आणि स्वयंपाकाची बाजू सांभाळणारा, आणि बातमी आणणारा. पहिला बहुधा वकिलातीतच असतो, स्थानिक कर्मचारी म्हणून. अधिकारी तीन वर्षांनी जातो. तो पंचवीस वर्षं त्याच टेबलावर बसलेला असतो. कुठला कागद कुठल्या खिडकीवर जातो, हे त्याच्याइतकं राजदूतालाही ठाऊक नसतं. त्याला पहिल्याच आठवड्यात चहाला बोलवावं. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्याला एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते, त्यामागेही पारसनिसाच्या हाती सगळं सोपवून बसू नये हाच हेतू दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले, आणि सुरुवातीलाच त्यांच्या वाट्याला टोकियो आणि जपानी भाषा आली.

वकिलाचा अपमान म्हणजे त्याच्या सरकारचा अपमान, हे सूत्र जुनंच. १७९४ मध्ये थकबाकीचा हिशेब घेऊन काळे आणि पिंगळे निजामाच्या दरबारी भांडत होते, तेव्हा दिवाण मुशीर-उल-मुल्कने नानांनी स्वतः इथे येऊन खुलासा करावा, असा हट्ट धरला. नाना कामात आहेत, कसे येणार, असं वकिलांनी विचारलं. तर कसं आणायचं ते आम्ही दाखवू, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवला आहे. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १७९५ ला, बीड जिल्ह्याच्या वेशीला लागून असलेल्या खर्ड्याला निजाम हरला. तहात मुलूख आणि पैसा तर द्यावा लागलाच, शिवाय खुद्द मुशीर-उल-मुल्कला मराठ्यांच्या स्वाधीन करावं लागलं. तो ओलीस म्हणून पुण्यात आला. सवाई माधवराव त्याच वर्षी गेले, पुण्यात गादीवरून तट पडले, आणि नजरकैदेतल्या या पाहुण्याने त्या तटांचा असा काही वापर करून घेतला की तो परत गेला तेव्हा खर्ड्याच्या तहातली बरीचशी देणी वाऱ्यावर गेली होती. परक्या शहरात स्थिरावण्याची कला कुणाकडून शिकावी, असं विचारलं तर मी मॅलेटच्या आधी या ओलिसाचं नाव घेईन.

खर्ड्याच्या लढाईत आणखी एक गोष्ट घडली, ती कुटुंबाच्या अंगाने महत्त्वाची. निजाम अलीबरोबर त्याचा जनानाही छावणीत होता. रात्री गोंधळ उडाला, बेगमा घाबरल्या, आणि त्यांच्या आग्रहाने निजाम खर्ड्याच्या गढीत शिरला, असं सांगतात. हारलेल्या पुरुषांनी बायकांवर ढकलण्याची ही रीत नवी नाही, त्यामुळे हे कारण किती धरायचं ते वाचकाने ठरवावं. कुटुंब बरोबर असलं की निर्णय बदलतात, एवढं मात्र खरं, आणि आजच्या नेमणुका ठरवणाऱ्यांना ते चांगलं कळतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९७८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी वेगळं कार्यालयच काढलं, कारण पती-पत्नींपैकी एकाची नोकरी सुटणं, मुलांची शाळा तुटणं आणि म्हाताऱ्या आईवडिलांपासून दूर राहणं यांमुळे चांगली माणसं नोकरी सोडून जात होती.

कर्कपॅट्रिकच्या घरातली कहाणी याच्या दुसऱ्या टोकाची. त्याने हैदराबादच्या खैर-उन-निसा या खानदानी तरुणीशी लग्न केलं. ती पडद्यात राहायची, रेसिडेन्सीच्या आवारात तिच्यासाठी वेगळा रंगमहाल होता. दोन मुलं झाली. १८०५ मध्ये ती लहान मुलं इंग्लंडला आजोबांकडे पाठवली गेली, तिथे त्यांची नावं बदलली, धर्म बदलला. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. आईला ती मुलं पुन्हा कधीच दिसली नाहीत. मुलांना ‘घरी’ शिकायला पाठवण्याची ही चाल पुढे दीड शतक टिकली. आज तिची गरज उरलेली नाही; मुंबईत जर्मन शाळा १९६१ पासून आहे, अमेरिकन शाळा १९८१ पासून. मात्र आपल्याच देशाच्या शाळेत घातलेलं मूल तीन वर्षांत ज्या शहरात राहतं त्या शहराला ओळखतच नाही. लहान मुलांना शक्य तेवढं गावच्या शाळेत घालावं, असं मी म्हणेन. दहावी-बारावीच्या वर्षांत मात्र हा प्रयोग नको.

मराठी घरांत याचं सुखद उदाहरण रँग्लर परांजप्यांचं. रघुनाथराव परांजपे १९४४ मध्ये भारताचे ऑस्ट्रेलियातले पहिले हाय कमिशनर म्हणून कॅनबेराला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे होते. नात सई लहानपणी त्यांच्याबरोबर तिथे राहिली. गोऱ्यांखेरीज कुणाला कायमचं वसू द्यायचं नाही, असं धोरण असलेल्या देशात पुण्याचं हे कुटुंब दर्जाने राहत होतं. तीच नात पुढे नाटक-सिनेमा करणारी सई परांजपे झाली. आजोबांच्या नोकरीने नातीच्या नजरेला काय दिलं, ते तिच्या सिनेमांत शोधायला मजा येईल. पण तो या प्रकरणाचा विषय नाही.

जोडीदाराच्या नोकरीबद्दल थोडक्यात. व्हिएन्ना कराराचं सदतिसावं कलम राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरच्यांनाही संरक्षण देतं, पण त्या देशात पगारी काम करण्याचा हक्क देत नाही. त्यासाठी दोन देशांत वेगळी व्यवस्था झालेली असावी लागते. डॉक्टर, वकील, शिक्षिका असलेल्या जोडीदाराने निघण्याआधीच हे विचारावं. पोचल्यावर विचारलं तर उत्तर तेच मिळतं, फक्त वर्ष वाया गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त जपून वागायची जागा म्हणजे घरकामाची माणसं. शागिर्दपेशाचा पगार तिथल्या कायद्याने द्यायचा की इथल्या, हा प्रश्न १२ डिसेंबर २०१३ ला जगाच्या बातम्यांत आला. न्यू यॉर्कच्या भारतीय वकिलातीतल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईंच्या व्हिसा अर्जात पगाराबद्दल खोटी माहिती दिली, असा आरोप होता. दिल्लीत संतापाची लाट उसळली, चाणक्यपुरीत अमेरिकन दूतावासाबाहेरचे सुरक्षेचे अडथळे हटवले गेले. भारताने खोब्रागडे यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कायमस्वरूपी कार्यालयात केली आणि जानेवारीत त्या मायदेशी परतल्या. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केलं, दोनच दिवसांत नवं दाखल झालं. त्या गदारोळात कायद्याचा साधा मुद्दा मागे पडला. दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करताच येत नाही. वाणिज्य वकिलातीतल्या अधिकाऱ्याला १९६३ चा दुसरा, संरक्षणाच्या बाबतीत अधिक आखूड करार लागू होतो. त्यात संरक्षण आहे ते सरकारी कामापुरतं, आणि गंभीर गुन्ह्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने अटक होऊ शकते. मोलकरणीचा पगार सरकारी काम ठरत नाही. आपल्या ओळखपत्रावर कुठल्या कराराचं छत्र आहे, हे सामान बांधायच्या आधी वाचून घ्यावं. मोलकरणीला तिच्या भाषेतला करार, तिच्या नावाचं बँक खातं आणि तिचा पासपोर्ट तिच्याच हातात, एवढं तरी असावं.

मुन्शींच्या आधी शंभर वर्षं बीड जिल्ह्यातच गोऱ्यांची एक वसाहत होती, ती सहसा या विषयात कुणी आठवत नाही. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. निजामाच्या खर्चाने उभी राहिलेली, पण हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चालवलेली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, आणि तिच्या घोडदळाचं एक ठाणं मोमिनाबादेत होतं. तिचा खर्च भागावा म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. १९०३ च्या सुमारास ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली आणि ठाणं मोडलं. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्या ज्या गावात, त्याच गावाबाहेर हे अधिकारी अर्धं शतक राहिले. छावणीचा बाजार वेगळा, क्लब वेगळा, दवाखाना वेगळा असला की गावाशी फार गाठ पडत नाही. आजच्या वकिलातींच्या कुंपणातल्या वसाहतींचंही हेच दुखणं आहे: तिथे राहणं इतकं सोयीचं असतं की तीन वर्षांत बाहेरची भाजी आणायची वेळ येत नाही. पहिल्या आठवड्यातच एक दिवस कुंपणाबाहेरच्या बाजारात भाजी घ्यायला जावं. भाव लावून घेतला जाईल, जाऊ द्यावा.

आणि समजा, मुंबईच्या एखाद्या वकिलातीतलं कुटुंब कामाच्या निमित्ताने बीडला येऊन राहणार आहे, किंवा परदेशी पाहुणा आपल्याच घरी उतरणार आहे. यजमानाने काय करायचं? हॉटेल असो, धर्मशाळा असो की आपलं घर, परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही जबाबदारी जागा देणाऱ्यावरच आहे. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम जिल्ह्यात पोलीस अधीक्षक पाहतात. पाहुणा सरकारी कामाने आलेला असला तर मंत्रालयातल्या राजशिष्टाचार शाखेकडून जिल्हाधिकाऱ्यांना आधी पत्र जावं. नाहीतर बिचाऱ्याला एकाच दिवशी चार कचेऱ्यांत सत्काराची शाल घ्यावी लागते. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली गाडी बीडच्या रस्त्यांवर कुतूहलाचा विषय होणार, हे ड्रायव्हरला सांगून ठेवावं. जिल्ह्याच्या पूर्व भागात कुणी आजारी पडलं तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उकळलेलं पाणी, दुपारी बारा ते चार घरात, आणि ठेचा पहिल्या जेवणाला नको, हे कुठल्याही यजमानिणीला सांगावं लागत नाही. रेल्वे बीडला आत्ता कुठे, १७ सप्टेंबर २०२५ ला पोचली, तीही अहिल्यानगरहून; तेव्हा मुंबईहून येणाऱ्याने प्रवासाचा अंदाज नकाशावरच्या अंतरावरून बांधू नये.

वकिलातींतले अधिकारी बीडला येतात ते बहुधा दुष्काळ किंवा ऊसतोड मजूर या विषयांवर अहवाल लिहायला, आणि मुंबईतल्या गुलाबी थंडीला भुलून डिसेंबरचा मुहूर्त धरतात. तेव्हा गावात म्हातारी माणसं, कुलूप लावलेली घरं आणि मागे राहिलेली काही मुलं भेटतात. ज्यांना भेटायचं ती माणसं कोयते घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या फडांवर, कोप्यांमध्ये असतात. त्यांना त्यांच्या घरी भेटायचं असेल तर कारखान्याचे पट्टे पडल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत यावं. त्यातही पेरणीचे आठवडे टाळावेत, आणि मुकादमाला बरोबर न घेता बायकांशी वेगळं बोलायची सोय आधीच करून ठेवावी. सीताफळं खायची असतील, तर दसऱ्याच्या आसपास.